छोट्या ट्रस्टला सीए कसा हवा : रामबागेतल्या एका ऑफिसचा तीन वर्षांचा अनुभव

इंदूरमध्ये छोट्या संस्था चालवणारी आपली मराठी मंडळी मला फोन करून एकच गोष्ट विचारतात, "ताई, तुमचं ८०जीचं काम कोण बघतं?" ८०जी म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारं कलम. गेल्या सप्टेंबरात तर आठवड्याला दोन-दोन फोन येत होते. तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

ऑफिस रामबागेत आहे, एका जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर. सीए मॅडम, हाताखाली दोन मुली आणि टॅली चालवणारा एक मुलगा, एवढाच पसारा. नाव देत नाही, कारण सीएंनी जाहिरात करण्यावर त्यांच्या इन्स्टिट्यूटचे निर्बंध असतात आणि मॅडमनी स्वतःच सांगितलं, "लिहा तुम्ही, पण नाव आणि नंबर नको." ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी संध्याकाळी आमच्या केंद्रावर यावं. मी स्वतः सोबत येईन.

आमचं केंद्र म्हणजे लोकमान्य नगरातल्या दोन खोल्या. रुग्णांना लागणारं साहित्य आम्ही वापरायला देतो : फाउलर कॉट (डोक्या-पायाकडून वर-खाली होणारा दवाखान्यातला पलंग), व्हीलचेअर, वॉकर, कमोड चेअर, एअर बेड, ऑक्सिजनची यंत्रं. अनामत घेतो, वस्तू परत आली की अनामत परत. एमवाय या सरकारी रुग्णालयातून घरी पाठवलेला पेशंट असतो, हातात डिस्चार्जचा कागद असतो, आणि घरच्यांना रात्रीच्या आत कॉट हवी असते. वर्षाची जमा सहा-सात लाखांच्या घरात, बहुतेक सगळी देणग्यांची. मी ३४ वर्षं बँकेत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर इथली खजिनदार झाले. व्हाउचर, कॅशबुक, ताळमेळ हे सगळं हाताखालून गेलेलं होतं. तरीही ट्रस्टचा आयकर हे निराळंच प्रकरण आहे, आणि ते मला अंगाशी आल्यावर कळलं.

२०२३ सालची गोष्ट. तेव्हा आमचे कागद दुसरे एक सल्लागार बघायचे. जुलै महिन्यात आमच्या एक देणगीदार, निवृत्त शिक्षिका, केंद्रावर आल्या. त्यांनी मागच्या वर्षी चेकनं ₹२५,००० दिले होते आणि आमच्या पावती पुस्तकातली पावती त्यांच्याकडे होती. रिटर्न भरणाऱ्यानं त्यांना सांगितलं की आता पावतीवर भागत नाही, संस्थेनं पोर्टलवरून काढलेलं १०बीई प्रमाणपत्र लागतं आणि त्यावरचा क्रमांक रिटर्नमध्ये टाकावा लागतो. मी सल्लागारांना फोन केला. "हो जाएगा मॅडम," म्हणाले. खोदून विचारल्यावर कळलं की १०बीडी हे देणग्यांचं विवरणपत्र भरलंच नव्हतं. आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत ते भरायचं असतं आणि त्याच तारखेपर्यंत दात्यांना १०बीई द्यायचं असतं. ही पद्धत २०२१-२२ च्या देणग्यांपासून सुरू झाली. उशिराला दिवसाला ₹२०० शुल्क, शिवाय ₹१०,००० ते ₹१ लाखापर्यंत दंडाची तरतूद वेगळी. आमचं विवरणपत्र २४ जुलैला गेलं. ५४ दिवस, ₹१०,८००. तेवढ्यात दोन चांगले एअर बेड आले असते. पण पैशापेक्षा मला त्या बाईंचा चेहरा खात होता. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या पावतीची घडी घालून पर्समध्ये ठेवून निघून गेल्या.

त्याच आठवड्यात एका ओळखीच्या संस्थेकडून रामबागेचा पत्ता मिळाला.

पहिल्या भेटीत मी ताळेबंद, ऑडिट रिपोर्ट, सगळं फायलीत लावून घेऊन गेले होते. मॅडमनी ती फाईल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "पावती पुस्तक आणलंय का?" नशिबानं पिशवीत होतं. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पावतीपासून एक-एक पान उलटायला लागल्या. अर्धा तास. मध्येच एका पानावर बोट ठेवून थांबल्या. पावतीवर आमच्या अध्यक्ष काकांच्या अक्षरात लिहिलं होतं : "मावशी, ₹३,०००, रोख."

"ह्या मावशी कोण?"

मी सांगितलं. आमच्या गल्लीत पोळी-भाजीचे डबे करतात. त्यांचे यजमान आठ महिने आमच्या कॉटवर होते. ते गेल्यावर त्यांनी कॉट परत केली आणि दुसऱ्या दिवशी पदराच्या गाठीतून हे पैसे काढून दिले. त्यांना सगळे मावशीच म्हणतात.

मॅडमनी पुस्तक मिटलं आणि मला समजेल अशा भाषेत दोन गोष्टी सांगितल्या. एक, ₹२,००० पेक्षा जास्त रक्कम रोखीनं दिली तर देणाऱ्याला ८०जीची सूट मिळत नाही. ही मर्यादा आधी ₹१०,००० होती, २०१७ च्या बजेटनं खाली आणली. मावशींना कर लागत नाही, म्हणून त्यांचं काही अडत नाही. दुसरी गोष्ट आपल्या अंगावर येणारी : ज्या देणगीदाराचं नाव-पत्ता संस्थेकडे नोंदलेलं नाही, ती कायद्याच्या लेखी निनावी देणगी. अशा देणग्या एकूण देणग्यांच्या ५% किंवा ₹१ लाख, यांतलं जे जास्त असेल त्याच्या वर गेल्या, तर वरच्या रकमेवर सरळ ३०% कर. आमच्या गणपतीतल्या दानपेटीत सात-आठ हजार निघतात, त्यामुळे आम्ही कुठेच अडकत नव्हतो. पण त्या म्हणाल्या, "मावशींनी एवढं दिलं, त्यांचं पूर्ण नाव तरी पावतीवर असायला हवं." ते मला मनापासून पटलं. त्यानंतर आमच्या एकाही पावतीवर अर्धं नाव गेलेलं नाही.

त्यांनी आम्हाला पावतीचा नवा नमुना करून दिला. पूर्ण नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, रोख-चेक-यूपीआय यांपैकी काय, आणि खाली एक चौकट : देणगी चालू कामासाठी की स्थायी निधीसाठी. ह्या चौकटीचं मोल मला आधी कळलं नव्हतं. स्थायी निधी म्हणून घ्यायची तर देणाऱ्याचा तसा लेखी आदेश हवा आणि तो पैसा कायद्यानं सांगितलेल्या प्रकारांतच, म्हणजे आमच्यासारख्यांनी बँकेच्या एफडीत, वेगळा ठेवायला हवा. आम्ही आपले अंदाजानंच "ही मोठी रक्कम आहे, निधीत टाका" असं करत होतो.

आता दर महिन्याच्या ५ तारखेला पावत्यांची यादी एक्सेलमध्ये त्यांच्याकडे जाते. चुकीचा पॅन असेल तर तो तेव्हाच सापडतो, मे महिन्याच्या शेवटी धावपळ होत नाही. ३१ मे ही अहिल्यादेवींची जयंती, इंदूरच्या माणसाला ती तारीख वेगळी सांगावी लागत नाही. मॅडम म्हणतात, "देवींच्या जयंतीच्या आत दात्याच्या हातात कागद पडला पाहिजे." घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं हा देवींचा सगळा दानधर्म खासगीच्या, म्हणजे घराण्याच्या स्वतःच्या मिळकतीच्या पैशातून चालायचा आणि राज्याचा खजिना त्यापासून वेगळा असायचा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कुणाचा पैसा कुठल्या कामाला गेला हे वेगळं दाखवता येणं, हे ह्या शहरात तरी नवीन नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे मुख्यतः लिहिते आहे ती. करप्रणाली बदलल्याचा आमच्यासारख्या संस्थांवर काय परिणाम होतो, हे मला त्यांच्याइतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या पत्रकावर वर्षानुवर्षं सगळ्यात वर, ठळक अक्षरांत एकच ओळ असायची : "देणग्या ८०जीखाली करमुक्त." मॅडमनी कागद घेतला आणि हिशेब मांडला. आमच्यासारख्या संस्थेला दिलेल्या रकमेच्या ५०% वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या १०% मर्यादेत. म्हणजे त्या शिक्षिकाबाईंच्या ₹२५,००० वर वजावट ₹१२,५००. त्या जुन्या प्रणालीत २०% च्या टप्प्यात. वाचलेला कर ₹२,५००, वर ४% सेस धरून ₹२,६००. "पंचवीस हजार देणारी बाई सव्वीसशे रुपयांसाठी देत नसते," मॅडम म्हणाल्या. "आणि जे नव्या प्रणालीत आहेत त्यांना तेवढेही मिळत नाहीत, कारण तिथे ८०जीच नाही. मग ही ओळ सगळ्यात वर कशाला? 'करमुक्त' हा शब्द तर मुळात बरोबरच नाही."

नवी प्रणाली २०२० च्या बजेटात आली तेव्हा ती ज्याला हवी त्यानं घ्यायची होती. २०२३-२४ पासून तीच मूळ धरली जाते, जुनी हवी असेल तर तसं सांगावं लागतं. २०२५ च्या बजेटनंतर १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला नव्या प्रणालीत कर नाही, पगारदाराला ₹७५,००० ची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. माझा भाचा सुपर कॉरिडॉरवर आयटीत आहे. दर मार्चला न चुकता ₹१०,००० पाठवायचा. गेल्या मार्चमध्ये मी आठवण केली तर म्हणाला, "मावशी, आता मला त्याचा काही उपयोग नाही गं, मी नव्यात गेलोय." पैसे त्यानं नंतर दिले, तो मुलगा चांगलाच आहे. पण ते 'उपयोग नाही' माझ्या मनाला लागलं. मग लक्षात आलं की ही सवय आम्हीच लावली होती. आम्ही त्याला दर वर्षी कर वाचवायचा मार्ग दाखवत होतो. कॉट कुणाकडे गेली, कोण त्यावरून उठून चालायला लागलं, हे कधी सांगितलंच नव्हतं.

त्या वर्षी पत्रक बदललं. आता वर लिहिलेलं असतं की एका व्हीलचेअरला किती पैसे लागतात आणि ती वर्षात साधारण किती घरांत फिरते. ८०जीची ओळ सगळ्यात खाली आहे : "जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना नियमानुसार वजावट मिळते." काही जुने देणगीदार थांबले, हे खरं आहे. विशेषतः मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जे चेक यायचे ते कमी झाले. त्याच्या जागी महिन्याला ₹२००, ₹५०० यूपीआयनं पाठवणारी तरुण मंडळी आली. ती कर विचारत नाहीत, फोटो मागतात. पेशंटचा फोटो आम्ही देत नाही, कॉटचा देतो.

इथे माझं आणि मॅडमचं मत जुळत नाही. त्यांना वाटतं सरकारनं दर कमी करून लोकांच्या हातात पैसा ठेवला, आता त्यातून द्यायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला वाटतं, नव्या प्रणालीतही छोट्या देणगीला थोडी तरी वजावट ठेवायला हवी होती. पैशाचा भाग लहान आहे हे मी वर आकड्यांत दाखवलंच. पण वजावटीमुळे मध्यमवर्गातला माणूस वर्षातून एकदा तरी बसून विचार करायचा की मी कुणाला काय दिलं. तो मार्चचा एक दिवस गेला. मोठ्या संस्थांकडे कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा आहे, फोन करायला माणसं आहेत. आमच्याकडे तो मार्च होता. फेब्रुवारीत बजेट येतं तेव्हा कुणीतरी हे मांडावं असं मला फार वाटतं.

ऑक्सिजनच्या यंत्राची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ही चूक अनेक संस्था करतात. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर घराघरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून होते. एक कुटुंब वडील गेल्यावर यंत्र घेऊन आलं. बिल सोबत होतं, ₹४८,००० चं. मुलानं विचारलं, "काकू, ह्याची ८०जी पावती द्याल ना?" मी द्यायच्या तयारीत होते. पेन हातात असताना मॅडमना फोन केला म्हणून वाचले. वस्तूच्या देणगीला ८०जी लागू नाही, सूट फक्त पैशाच्या देणगीला. तशी पावती दिली असती तर त्या मुलानं वजावट मागितली असती आणि पुढे नोटीस त्याला आली असती. मॅडमनी तिथल्या तिथे फोनवर आभारपत्राचा मजकूर सांगितला : यंत्राचं नाव, अनुक्रमांक, कुणाच्या स्मरणार्थ, तारीख. कुठेही किंमत नाही. मी ते हातानं लिहून दिलं आणि साठा रजिस्टरात त्याच्यासमोर नोंद केली. मुलगा थोडा हिरमुसला. पण रजिस्टरात वडिलांचं नाव बघून त्यानं मोबाईलवर त्या ओळीचा फोटो काढला, आणि जाताना यंत्राच्या नळीला गुंडाळलेला रुमाल सोडून घडी करून खिशात ठेवला. ते यंत्र अजून चालतं आहे.

हिशेबाच्या बाजूनं आणखी एक सांगते. संस्थेनं वर्षाच्या उत्पन्नाचा किमान ८५% भाग कामावर खर्च करायचा असतो हे बहुतेकांना माहीत असतं. पण २०२२ पासून खर्च म्हणजे प्रत्यक्ष दिलेले पैसे, नुसतं बिल आलेलं चालत नाही, हे मला माहीत नव्हतं. मागच्या मार्चमध्ये आम्ही चार कॉट घेतल्या, बिल २७ मार्चचं. दुकानदार ओळखीचा, म्हणाला, "ताई, पैसे एप्रिलमध्ये द्या, घाई नाही." मॅडमचा निरोप आला : ३१ च्या आत पैसे खात्यातून गेलेच पाहिजेत. मी २९ तारखेला स्वतः बँकेतून पैसे पाठवून आले. दुकानदाराला नवल वाटलं.

संस्थेच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचं काम ही त्यांची खरी परीक्षा होती. २०२० च्या कायद्यानं कायमची १२ए नोंदणी (जिच्यावर संस्थेच्या उत्पन्नाला करसूट मिळते) जाऊन ५ वर्षांची १२एबी आली. आमच्यासारख्यांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची होती आणि अर्ज सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत करायचा होता. मला ते फोन तेव्हाच का येत होते ते आता कळलं असेल. मॅडमनी आमची यादी मेमध्ये काढली आणि अर्ज ऑगस्टमध्ये टाकला. भोपाळच्या आयुक्त कार्यालयाचे प्रश्न ऑनलाइन आले : तीन वर्षांची कामं, खर्चाचे पुरावे, साहित्य कुणाला दिलं त्याच्या नोंदी. आमचं साठा रजिस्टर स्कॅन करून जोडलं. डिसेंबरमध्ये आदेश आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. २०२५ च्या बजेटनं एक चांगली गोष्ट केली : आधीच्या दोन्ही वर्षांत ज्यांचं उत्पन्न ₹५ कोटींच्या आत आहे त्यांना नोंदणी १० वर्षांची. छोट्या संस्थांना हा मोठा दिलासा आहे, दर पाच वर्षांनी तेच बाड बांधायला नको. ८०जीची मुदत मात्र ५ वर्षांचीच, त्यामुळे दोन तारखा वेगवेगळ्या लक्षात ठेवाव्या लागतील. मॅडमच्या ऑफिसनं आम्हाला दोन्ही तारखा कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला लावल्या आहेत.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात ८०जीच्या जागी कलम १३३ आहे, संस्थांच्या तरतुदी एका ठिकाणी आल्या आहेत. पावतीवरचे कलमांचे उल्लेख बदलावे लागतील, म्हणून नवीन पुस्तकं छापू नका असं त्यांनी आम्हाला नोव्हेंबरातच कळवलं. हे न विचारता कळवणं मला फार मोलाचं वाटतं.

उणिवा आहेत. जिन्याला लिफ्ट नाही, आणि पायऱ्या उंच. आमचे अध्यक्ष काका ७९ वर्षांचे, सहीसाठी वर जाऊ शकत नाहीत. ऑफिसमधली मुलगी खाली येऊन सह्या घेते, पण ते आधी फोन करून ठरवावं लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात, ऑडिट आणि रिटर्नच्या दिवसांत, मॅडम फोन उचलत नाहीत. मेसेजला उत्तर रात्री अकराला येतं. त्यांची पत्रं सगळी इंग्रजीत असतात. आमच्या विश्वस्तांत दोघांना ती कळत नाहीत, मी सभेत मराठीत सांगते. हे त्यांनी सुधारावं असं मी त्यांना बोललेही आहे. आणि फी. वर्षाची ₹२१,०००, वर १८% जीएसटी, म्हणजे ₹२४,७८०. आधीचे सल्लागार ₹६,००० घ्यायचे. विश्वस्तांच्या सभेत ह्यावर तासभर वाद झाला. एक विश्वस्त म्हणाले, एवढ्यात तीन व्हीलचेअर येतील. बरोबर आहे त्यांचं, मलाही दर वर्षी तो चेक लिहिताना जड जातं. मी सभेत फक्त ५४ दिवसांचा हिशेब वाचून दाखवला आणि त्या शिक्षिकाबाईंचं सांगितलं. ठराव मंजूर झाला.

त्या बाई पुन्हा देणगी द्यायला लागल्या आहेत. गेल्या ३० मेला मी त्यांचं १०बीई स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिलं.

पाचपैकी साडेचार तारे, अर्धा जिन्यामुळे आणि इंग्रजी पत्रांमुळे कापला. ज्यांना भेटायला जायचं आहे त्यांनी सकाळी ११ ते १ मध्ये जावं, दुपारी मॅडम ऑडिटला बाहेर असतात. ट्रस्ट डीड किंवा सोसायटीचं नोंदणीपत्र, १२एबी आणि ८०जीचे आदेश, बँकेचं स्टेटमेंट सोबत न्या. पावती पुस्तक विसरू नका, आणि चालू वर्षाचं एकच नको, मागच्या दोन वर्षांचीही न्या.